राइडची संहिता आणि तिकिटाची किंमत

आपल्याकडील एम.ए.च्या समीक्षेच्या वर्गात डिस्नेलँडचा प्रवेश बहुधा ज्याँ बोद्रियार यांच्याबरोबर होतो. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सिम्युलाक्र ए सिम्युलासियाँ’ या ग्रंथातला त्यांचा युक्तिवाद आता टिपणवहीतल्या मजकुरासारखा सर्वांना पाठ झालेला आहे. डिस्नेलँड काल्पनिक म्हणून मांडले जाते, ते उरलेली अमेरिका खरी वाटावी यासाठी, असा त्याचा मथितार्थ. त्याच्या जोडीला उंबेर्तो एको यांचा हायपररिअ‍ॅलिटीवरचा प्रवासलेख येतो. विद्यार्थी प्रतिकृती, चिन्ह, मूळ नसलेली नक्कल हे शब्द लिहून घेतात आणि परीक्षेत डिस्नेलँड हे उदाहरण म्हणून वापरतात. या विवेचनाचे मोल मोठेच आहे. एको यांनी तर तिथल्या मेन स्ट्रीटच्या देखण्या दर्शनी भिंतींमागे दुकानच दडलेले असते हेही नेमके टिपले आहे. तरीही एक साधा प्रश्न या वर्गात सहसा विचारला जात नाही. हे सगळे उभे करायला पैसे कोणी दिले? आणि ज्याने दिले त्याला बदल्यात काय मिळाले?

हा प्रश्न हिशेबनिसाचा आहे, साहित्याच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, असे कोणी म्हणेल. थीम पार्कमधली राइड ही एक सांगितलेली गोष्ट असते. तिला पात्रे असतात, प्रसंगांचा क्रम असतो, निवेदक असतो, शेवट असतो. प्रेक्षक खुर्चीत बसून त्या गोष्टीतून फिरवला जातो. अशा गोष्टीचे स्वरूप तिच्या पैशाच्या वाटेने किती ठरते, हे तपासणे हा साहित्यविचाराचाच भाग आहे. माझे म्हणणे असे की, राइडसाठी पैसा उभारण्याची पद्धत जेव्हा जेव्हा बदलली, तेव्हा तेव्हा राइडमधली गोष्टही बदलली आणि ती पाहणाऱ्या माणसांचे परस्परांशी असलेले नातेही बदलले.

प्रथम या व्यवसायातली मूळ अडचण लक्षात घ्यायला हवी. कादंबरीची एक प्रत छापून पाहता येते. राइडचे तसे नाही. पहिला प्रेक्षक आत बसण्याआधी सगळा खर्च होऊन गेलेला असतो. १९५५ साली कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइम येथे डिस्नेलँड उभे राहिले तेव्हा सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर लागले. वॉल्ट डिस्ने यांच्याजवळ एवढी रक्कम नव्हती आणि बँकांना या कल्पनेवर फारसा भरवसा नव्हता. मार्ग निघाला तो दूरचित्रवाणीतून. एबीसी या वाहिनीच्या कंपनीने ५ लाख डॉलर घातले, ४५ लाख डॉलरपर्यंतच्या कर्जाला हमी दिली आणि उद्यानात एक तृतीयांशाहून थोडा अधिक हिस्सा मिळवला. बदल्यात डिस्ने यांनी त्या वाहिनीला दर आठवड्याचा कार्यक्रम दिला. तो ऑक्टोबर १९५४ मध्ये सुरू झाला आणि त्याचे नावही ‘डिस्नेलँड’च होते. म्हणजे उद्यानाचे दार उघडण्यापूर्वीच त्या दाराची गोष्ट घराघरांत सांगितली जात होती. इथे जाहिरात आणि भांडवल एकाच करारातून आले. बोद्रियार ज्याला चिन्हाचे वास्तवाआधी येणे म्हणतात, त्याचा एक व्यवहारी उगम या करारात सापडतो.

प्रेक्षकाकडून पैसा कसा घ्यायचा, हा पुढचा प्रश्न. प्रारंभी प्रौढ व्यक्तीला प्रवेशासाठी १ डॉलर पडे आणि आतल्या प्रत्येक राइडचे पैसे वेगळे द्यावे लागत. आपल्या जत्रेतल्या पाळण्याचीही रीत हीच आहे: मैदानात कोणीही फिरावे, पाळण्यात बसायचे तर त्याचे पैसे मोजावेत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून कुपनांची पुस्तिका आली. प्रथम ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’ असे तीन वर्ग होते. १९५६ मध्ये ‘डी’ आणि १९५९ मध्ये ‘ई’ हा वर्ग जोडला गेला. या ‘ई’ वर्गाच्या मागे नव्या राइडचा खर्च होता. त्या वर्षी मॅटरहॉर्नचा डोंगर, पाणबुडीची सफर आणि मोनोरेल ही तीन मोठी आकर्षणे एकाच वेळी सुरू झाली आणि त्यांच्यासाठी सर्वांत महाग कुपन निर्माण करण्यात आले.

ही पुस्तिका हातात घेऊन फिरणारा माणूस सतत निवड करत असे. ‘ई’ची कुपने थोडी, ‘ए’ची कोपऱ्यातल्या साध्या गाड्यांसाठी. कोणती राइड लोकांना हवी आहे हे दिवसाअखेरीस गोळा झालेल्या कुपनांवरून कळे. या पद्धतीचा आणखी एक परिणाम असा की, तिने भाषेला एक शब्द दिला. अमेरिकी इंग्रजीत ‘ई तिकीट’ म्हणजे सर्वोत्तम, थरारक अनुभव असा अर्थ रूढ झाला. १९८३ साली अंतराळात गेलेल्या पहिल्या अमेरिकी महिला सॅली राइड यांनी आपल्या उड्डाणाची तुलना याच ‘ई तिकिटा’शी केली. अंतराळयानाच्या प्रवासाचे वर्णन करायला कागदाच्या कुपनाची उपमा पुरेशी वाटावी, ही गोष्ट शब्दार्थाच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवावी अशी आहे. गंमत म्हणजे तोवर ती कुपने बंद होऊन गेली होती.

कुपनांच्या याच काळात उद्यानात काही दारे फुकट उघडी होती आणि ती प्रायोजकांची होती. पहिल्याच वर्षी रिचफील्ड ही तेलकंपनी मुलांच्या मोटारींच्या ‘ऑटोपिया’ची प्रायोजक होती, चंद्रावरच्या रॉकेटवर टीडब्ल्यूए या विमानकंपनीचे नाव होते, उद्यानाभोवती फिरणारी आगगाडी सांता फे या रेल्वेकंपनीच्या नावाने धावत असे. मोन्सँटो या रसायनकंपनीने रसायनांचे दालन उभे केले आणि १९५७ मध्ये ‘भविष्यातील घर’ बांधले. ते प्लास्टिकचे होते आणि ते पाहायला कुपन लागत नसे. ज्या गोष्टीसाठी प्रेक्षक पैसे देत नाही, तिच्यासाठी दुसरे कोणी तरी देत असते आणि त्या दुसऱ्याला प्रेक्षकाशी काही बोलायचे असते. प्लास्टिकच्या घरात भविष्यकाळ प्लास्टिकचा असणे अपरिहार्यच होते. १९६७ मध्ये ते पाडायची वेळ आली तेव्हा लोखंडी गोळ्याचे तडाखे त्यावर चालेनात आणि काम लांबले, असे डिस्नेलँडच्या इतिहासात आवर्जून सांगितले जाते.

तरीही प्रायोजकत्वाकडे केवळ तुच्छतेने पाहणे योग्य होणार नाही. १९६४-६५ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात डिस्ने यांच्या संस्थेने चार प्रयोग केले आणि चारही दुसऱ्यांच्या पैशावर. फोर्डसाठी मोटारींची सफर, जनरल इलेक्ट्रिकसाठी प्रगतीचे फिरते नाट्यगृह, पेप्सी-कोलाने युनिसेफच्या सन्मानार्थ सादर केलेली जगभरच्या बालकांची नौकासफर आणि इलिनॉय राज्यासाठी लिंकन यांचा उभा राहून भाषण करणारा यांत्रिक पुतळा. प्रदर्शन संपल्यावर ही कला आणि हे तंत्र डिस्नेलँडमध्ये आले. बालकांची नौकासफर १९६६ मध्ये अ‍ॅनाहाइमला सुरू झाली आणि तिथे तिचे प्रायोजकत्व बँक ऑफ अमेरिकेने घेतले. नौकांचे आणि बोलत्या पुतळ्यांचे हे तंत्र पुढच्याच वर्षी समुद्री चाच्यांच्या प्रसिद्ध सफरीत कामी आले. नवी राइड घडवण्यातला सर्वांत महाग भाग म्हणजे चुकत-माकत शिकणे. तो खर्च प्रायोजकांनी उचलला. त्यांच्या पैशाशिवाय ही कला इतक्या लवकर प्रगल्भ झाली नसती. आश्रयदात्याशिवाय कला नाही, हे संस्कृत नाटकापासून पेशवाईतल्या शाहिरीपर्यंत आपल्या परंपरेला ठाऊक आहेच.

मात्र आश्रयदाता किती खोलवर हात घालतो, हे पाहायचे तर जनरल इलेक्ट्रिकच्या फिरत्या नाट्यगृहाकडे यावे लागते. एक कुटुंब एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याला भेटत जाते. प्रत्येक अंकात घरात नवी उपकरणे येतात, दिवे वाढतात, श्रम कमी होतात. रंगमंच स्थिर असतो आणि प्रेक्षकांच्या खुर्च्याच त्याभोवती फिरतात. अंकांना जोडणारे गीत शर्मन बंधूंनी लिहिले होते आणि त्याचा विषय होता उद्याचा दिवस: उजळ, विशाल, आपली वाट पाहणारा. १९७५ मध्ये हे नाट्यगृह फ्लोरिडात हलवले गेले. प्रायोजक तोच होता, पण गीत बदलले. नव्या गीताचा आशय असा की, आयुष्यातला सर्वोत्तम काळ आत्ताचाच आहे. या बदलामागचे कारण म्हणून असे सांगितले जाते की, गिऱ्हाइकाने उद्याची वाट पाहत बसावे हे फ्रिज आणि दिवे विकणाऱ्या कंपनीला परवडणारे नव्हते. त्याने आज खरेदी करायला हवी होती. १९८५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचे प्रायोजकत्व संपले आणि १९९४ मध्ये जुने, उद्याचे गीत परत आले.

साहित्याच्या विद्यार्थ्यासमोर ठेवावा असा हा नमुना आहे. संहितेतले कुटुंब तेच, प्रसंग बव्हंशी तेच. बदलला तो क्रियापदाचा काळ. भविष्यकाळाचा वर्तमानकाळ झाला आणि त्याबरोबर संपूर्ण रचनेचा भाव पालटला. उद्याची आशा ही सर्वांना सारखी वाटून घेता येते. आजची खरेदी मात्र ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याचीच असते. प्रायोजकाने गोष्टीतले एकही पात्र न हलवता एवढे साधले. हा बदल टिपण्यासाठी चिन्हमीमांसेची अवजड साधने लागत नाहीत. देणगीदाराचे नाव आणि कराराचे वर्ष माहीत असले तरी पुरे.

१ ऑक्टोबर १९८२ रोजी फ्लोरिडात एपकॉट सेंटर उघडले, तेव्हा ही पद्धत कळसाला पोहोचली. ऊर्जेचे दालन एक्सॉनचे, वाहतुकीचे जनरल मोटर्सचे, कल्पनाशक्तीचे कोडॅकचे, शेतीचे क्राफ्टचे आणि मानवी संज्ञापनाच्या इतिहासाचा मोठा गोल बेल सिस्टिमचा. त्या गोलातल्या कथानकाच्या जडणघडणीत रे ब्रॅडबरी यांच्यासारखा लेखक होता. माणसाच्या ज्ञानाचे एकेक खाते एकेका कंपनीच्या नावे लिहून दिल्यासारखी ही मांडणी होती. एक्सॉनच्या दालनाच्या छतावर सौरघट बसवले होते आणि आतल्या वाहनांना लागणारी काही वीज तिथून येई. आत मात्र डायनोसॉर होते आणि खनिज इंधनाची महती होती. छप्पर एक सांगत होते आणि गोष्ट दुसरे.

प्रायोजकत्वाची मुदत संपली की संहितेचे आयुष्यही संपू लागते, हेही एपकॉटने दाखवले. जनरल इलेक्ट्रिकच्या पैशावर १९८३ मध्ये सुरू झालेली ‘होरायझन्स’ ही सफर वाळवंटात, समुद्रतळाशी आणि अंतराळात राहणाऱ्या भावी कुटुंबांची गोष्ट सांगत असे. १९९३ मध्ये करार संपला. नवा प्रायोजक आला नाही. सफर बंद झाली, मध्यंतरी पुन्हा चालू झाली आणि जानेवारी १९९९ मध्ये कायमची थांबली. ती इमारत पाडून तिथे दुसरी राइड आली आणि २००३ मध्ये तिच्यावर ह्यूलेट-पॅकार्डचे नाव झळकले. पुस्तक ग्रंथालयात धूळ खात का होईना टिकून राहते. प्रायोजित राइडला असे ग्रंथालय नाही. तिच्या चाहत्यांजवळ चित्रफिती आणि आठवणी तेवढ्या उरल्या.

याच १९८२ मध्ये दुसरा एक बदल झाला आणि तो अधिक दूरगामी ठरला. कुपनांची पुस्तिका रद्द झाली. एकदा दारावर पैसे भरा, आत कितीही वेळा कशातही बसा, असे एकच तिकीट आले. मला या तिकिटात एक प्रकारचा नागरी समतेचा अंश दिसतो. दारावरची किंमत सर्वांना परवडत नव्हती, हे खरेच. पण एकदा आत आल्यावर पैशाचा भेद पुसला जाई. सर्वांजवळ एकच चलन उरे, ते म्हणजे वेळ. रांगेत वकील, शिक्षक आणि कारखान्यातला कामगार सारखेच ताटकळत.

पण याच तिकिटाने राइडचा हिशेब अवघड केला. आता एखादी राइड स्वतःची कमाई स्वतः दाखवू शकत नव्हती. नव्या राइडवर केलेला खर्च भरून काढायचे मार्ग तीन उरले: नव्या आकर्षणाच्या ओढीने अधिक लोक यावेत, दारावरचे तिकीट वाढवता यावे आणि आत आलेल्याने खाणे, वस्तू व मुक्काम यांवर अधिक खर्च करावा. तिसऱ्या मार्गासाठी अशी गोष्ट लागते की जिच्यातली पात्रे राइडबाहेरच्या दुकानात मिळतील. म्हणून चित्रपटाला महत्त्व आले. १९८७ मध्ये जॉर्ज ल्युकस यांच्या चित्रपटांवर बेतलेली ‘स्टार टूर्स’ सुरू झाली आणि २०१९ मध्ये त्याच विश्वाचे संपूर्ण नगर अ‍ॅनाहाइम व फ्लोरिडा अशा दोन्ही ठिकाणी उभे राहिले. तोवर डिस्ने कंपनीने ल्युकस यांची चित्रसंस्थाच विकत घेतली होती. बाहेरच्या प्रायोजकाचे नाव दारावर असे. या नव्या आश्रयदात्याचे नाव गोष्टीच्याच शीर्षकात आहे. मोन्सँटो आपल्याला प्लास्टिक विकत होती, हे शाळकरी मुलालाही कळत असे. चित्रपटावरची राइड आपल्याला त्याच गोष्टीचा पुढचा भाग विकते, आणि विक्री व कथन यांतली फट जवळपास बुजून जाते.

आणि शेवटी विक्रीला निघाली ती रांग. १९९९ मध्ये डिस्नेने ‘फास्टपास’ आणला. यंत्रातून वेळेची चिठ्ठी घ्यायची आणि त्या वेळी परत यायचे. त्याला वेगळे पैसे नव्हते. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या डिस्ने उद्यानांत त्याची जागा पैसे देऊन घ्यायच्या सोयीने घेतली आणि २०२४ मध्ये याहून महाग, जवळजवळ सर्व रांगा टाळू देणारा पासही आला. युनिव्हर्सलच्या उद्यानांतही पैसे देऊन रांग टाळण्याची सोय आहे. दारावरचे तिकीट तर गर्दीच्या दिवसागणिक बदलते. २०२४ मध्ये डिस्नेलँडच्या सर्वांत महाग दिवसाच्या तिकिटाने २०० डॉलरचा टप्पा ओलांडला.

यावर व्यवसायाची बाजू काय आहे, तीही ऐकायला हवी. राइड महाग झाल्या आहेत. पुढच्या १० वर्षांत उद्याने व तत्सम व्यवसायांवर सुमारे ६,००० कोटी डॉलर गुंतवण्याचा मनोदय डिस्नेने २०२३ मध्ये जाहीर केला. ही रक्कम कुठून तरी यायची. ज्याला घाई आहे त्याने अधिक द्यावे, त्यातून सर्वांसाठी नवी राइड उभी राहावी, शिवाय किमतीच्या फरकाने गर्दी विखुरली जावी, यात गैर काय? श्रीमंताकडून अधिक घेणे हा न्यायच नव्हे का? हा युक्तिवाद सहज झटकून टाकण्यासारखा नाही. पण त्यात एक पायरी गाळलेली आहे. प्रायोजक पैसे देई तेव्हा प्रेक्षकाचे काही हिरावले जात नसे. फार तर त्याला एक जाहिरात ऐकावी लागे. रांग विकली जाते तेव्हा विकला जाणारा माल कंपनीचा नसतो. पुढे जाणाऱ्या माणसाला मिळालेली २० मिनिटे मागे उभ्या असलेल्या माणसांच्या वेळेतून आलेली असतात. त्यांनीही तिकीट काढलेले आहे, आणि त्यांना विचारलेले नाही.

आपल्याजवळचे उदाहरण पाहायचे तर खोपोलीजवळ २०१३ मध्ये सुरू झालेले इमॅजिका आहे. तिथे ‘मिस्टर इंडिया’ या चित्रपटावरची सफर आहे, म्हणजे गोष्टीचा आश्रयदाता इथेही चित्रपटच. पण ते उद्यान मुख्यत्वे कर्जावर उभे राहिले. २०१५ मध्ये कंपनीने भागविक्री केली. तरी कर्जाचा भार पेलला नाही आणि २०२२ मध्ये कर्जाची फेररचना होऊन मालकी मालपाणी समूहाकडे गेली. इतक्या मोठ्या खर्चाचे ओझे तिकिटाच्या खिडकीने एकटीने वाहावे, ही अपेक्षा किती कठीण आहे, एवढे त्यावरून दिसते. त्यामुळे प्रायोजक, कर्ज, चढे तिकीट किंवा विकलेली रांग यांपैकी काहीच नको, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. प्रश्न एवढाच की, कोणता पैसा गोष्टीकडून काय मागतो.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली. तेव्हापासून आजवर आपल्या कथा-कवितांचा मोठा वाटा जाहिरातींच्या पानांशेजारी छापला गेला आहे. अंकाच्या किमतीतून छपाई आणि मानधन भागत नाही, हे प्रत्येक संपादक जाणतो. पण साबणाच्या जाहिरातीने शेजारच्या कवितेचा काळ बदलला नाही. जाहिरातीचे पान आणि साहित्याचे पान यांच्यामधली ती रेघ संपादकाने राखली, म्हणून त्या पैशाने साहित्य जगले. जिथे ती रेघ पुसट होते, जिथे लेख कोणाच्या खर्चाने लिहिला गेला हे वाचकाला सांगितले जात नाही, तिथे आपणही त्या फिरत्या नाट्यगृहाच्या खुर्चीत बसलेलो असतो.

म्हणून आमच्या वर्गांत बोद्रियार आणि एको जरूर शिकवावेत, पण डिस्नेलँडचे उदाहरण देताना फळ्यावर आणखी चार गोष्टी लिहाव्यात: १९५९ चे ‘ई’ कुपन, १९७५ चे बदललेले गीत, १९८२ चे एकच तिकीट आणि २०२१ ची विकत मिळणारी रांग. विद्यार्थ्याला विचारावे की, या चार व्यवस्थांत गोष्ट सांगणारा कोण आहे, ऐकणारा कोण आहे आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणाला थांबवून ठेवले आहे. या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर हायपररिअ‍ॅलिटीच्या व्याख्येत मिळणार नाही. ते तिकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेले असते, आणि बारीक अक्षरे वाचायला शिकवणे हे आपले कामच आहे.